बाहुल्यांच्या खोलीसाठी नळकांडं

नातीने नवीन घर घेतलं आणि सामान लावून होतंय न होतंय तोच मला फोनवर लाल नळकांड्यांचे फोटो पाठवले. खाली लिहिलं होतं, "आजी, आग विझवायला यातलं कुठलं घेऊ? शेवटचं पडद्यांना शोभतंय."

मी तिला उलट विचारलं, "तुझ्या घरात जळण्यासारखं काय आहे? आणि ते जळायला लागलं तर त्या वेळी घरात कोण असतं?"

"आजी, तू मला घाबरवतेस का?"

घाबरवत नव्हते. हे दोन प्रश्न माझे नाहीतच. ते मी एका दुकानात ऐकले, लग्न होऊन या घरात आले त्याच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात. त्यांच्या उत्तरावर आमच्या वन्संची खोली राहते की जाते हे ठरायचं होतं.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लहानपणच्या तापात त्यांचा एक पाय लुळा पडला तो पडलाच. डाव्या काखेत कायम कुबडी. लग्न केलं नाही. कोणी खोदून विचारलंच तर म्हणायच्या, "घरात इतकी मुलं आहेत, त्यांना टाकून कुठे जाऊ?" मुलं म्हणजे बाहुल्या. वन्सं मोडक्या बाहुल्या दुरुस्त करत. लांबलांबून लोक आणून देत. कुणाचा हात निखळलेला, कुणाचा डोळा डोक्यात आत पडलेला, कुणाला कुत्र्याने चावलेलं, कुणाचे केस धाकट्या भावाने कात्रीने साफ केलेले. अंगणाकडची खोली वन्संची. भिंतींना फळ्या, फळ्यांवर बाहुल्या, टेबलावर रंग, सरस, टर्पेंटाइनची बाटली आणि मेण वितळवायचा स्पिरिटचा दिवा.

मामंजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, पूर्वी बेकरी होती. गोल पाव भाजायचे खळगे-खळगे असलेले पत्रे वन्संनी त्यांच्याकडून मागून घेतले होते आणि एकेका खळग्यात एकेका रंगाचे डोळे ठेवले होते. मी पहिल्यांदा त्या खोलीत गेले तेव्हा तो अख्खा पत्रा माझ्याकडे टक लावून बघत होता. मी किंचाळले.

वन्सं म्हणाल्या, "सवय कर गं. नवीन सून म्हणून या घरात सगळेच तुझ्याकडे बघणार आहेत. हे निदान मागून बोलत तरी नाहीत."

तिथून आमची गट्टी जमली.

आग लागली ती अगदी क्षुल्लक कारणाने. वन्सं एका बाहुलीच्या गालांवरचा जुना रंग टर्पेंटाइनने पुसत होत्या. ते भिजलेलं फडकं दिव्याच्या फार जवळ राहिलं आणि भक्कन पेटलं. सासूबाई तिथेच गप्पा मारत बसल्या होत्या. त्यांनी पाण्याचं भांडं उचललं आणि ओतलं. आता पाणी ओतणार नाही तर काय करणार? पण पाणी टेबलावरून वाहिलं आणि आग त्याच्यावर होडीत बसल्यासारखी बसली, टेबलाच्या कडेवरून खाली उतरली आणि फळ्यांच्या दिशेने निघाली. मामंजी अंगणात होते. ते धावत आले, ओलं पोतं टाकलं, पायाने दाबलं आणि संपलं. टेबलाचा एक कोपरा काळा झाला आणि सासूबाईंच्या भुवया जराशा कमी झाल्या, एवढंच नुकसान.

पण मामंजी टेबलाकडे बघतच नव्हते. ते वन्संकडे बघत होते. दार सताड उघडं होतं, आग दुसऱ्या बाजूला होती, आणि वन्सं बाहेर जायचं सोडून फळीवरच्या बाहुल्या एकेक करून ॲप्रनच्या झोळीत भरत होत्या.

त्या दिवशी जेवताना मामंजी म्हणाले, "ती खोली बंद."

सगळ्यांचे हात थांबले.

"बाजारात एखादा गाळा बघू," ते म्हणाले. "तिथे आजूबाजूला माणसं असतात. ते जमत नसेल तर हे कामच नको."

"बाबा, बाजार किती लांब आहे," वन्सं म्हणाल्या. "रोज जाऊन-येऊन माझा दुसरा पायही जाईल."

"मग काम नको."

त्यांनी आवाज चढवला नव्हता. मामंजी आवाज चढवत नसत, म्हणून त्यांच्याशी भांडता येत नसे. वन्संनी मान खाली घातली आणि ताटातल्या ताटात घास फिरवत राहिल्या. ती खोली गेली असती तर त्यांना दिवसभर खिडकीत बसण्यावाचून काय उरलं असतं? घरात सगळ्यांना हे माहीत होतं. मामंजींनाही.

शेवटी हे म्हणाले, "बाबा, आपण आग विझवायचं यंत्र आणू. मग तर झालं?"

मामंजींनी विचार केला. "आण. पण मी घरात नाही असं समजून या तिघींनी ते मला चालवून दाखवायचं. कधी ते मी सांगणार नाही. जमलं तर खोली राहील. नाही जमलं तर महिनाअखेरीला बाहुल्या हलवायच्या."

आता आमच्या ह्यांच्याबद्दल एक सांगायला हवं. माणूस सोन्यासारखा, पण वस्तू निवडायला पाठवू नये. छत्री घ्यायला गेले की पावसाळा संपल्यावर परत येणार. किंतु-परंतु करत चार दुकानं पालथी घालणार, प्रत्येकाचं मत घेणार आणि शेवटी दुकानातली सगळ्यात मोठी वस्तू घेऊन येणार. त्यांच्या आईने त्यांना लहानपणी सगळे कपडे वाढत्या अंगाचे घेतले होते, ते त्यांच्या मनात कायमचं बसलेलं. वाढत्या अंगाचे बूट, वाढत्या अंगाचं कपाट. त्या दिवशी ते वाढत्या अंगाचं नळकांडं घेऊन आले.

ते माझ्या कमरेच्या वर येत होतं. दोन हमालांनी ते दारातून आत घेतलं.

"एकदाच घ्यायचं आणि दणकट घ्यायचं," हे कपाळाचा घाम पुसत म्हणाले. "पुन्हा बघायला नको."

"हे आगीवर टाकायचं की आग याच्यावर ठेवायची?" सासूबाईंनी विचारलं.

ते बैठकीच्या खोलीत कोपऱ्यात उभं राहिलं. लालबुंद, गुबगुबीत, जागचं हलायला तयार नाही. वन्संनी कुबडीवर रेलून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"आई," त्या म्हणाल्या, "तुझी एवढ्या वर्षांची इच्छा पुरी झाली बघ. जावई आला."

सासूबाई आधी दचकल्या, मग पोट धरून हसल्या. तेव्हापासून त्याचं नाव जावईबापू. बसल्या जागी मान घ्यायचा आणि कामाला हात लावायचा नाही, म्हणजे लक्षणंही सगळी जुळत होती. रोज सकाळी केर काढताना मी म्हणायची, "जावईबापू, पाय वर घ्या." जावईबापूंवर धूळ बसते म्हणून सासूबाईंनी त्यांच्यासाठी लोकरीची गवसणी विणली. आमच्या घरात विनागवसणीचं काही ठेवायची पद्धतच नव्हती. रेडिओला गवसणी, शिवणयंत्राला गवसणी, पाण्याच्या मडक्याला कुंची. जावईबापूंच्या गवसणीला समोरून बटणं होती आणि वरून नाडीची टोपी. इतकी सुबक विणली होती की शेजारच्या काकू मुद्दाम बघायला आल्या.

मामंजी येता-जाता त्या गवसणीकडे बघत आणि पुढे जात.

मग एका दुपारी, हे कामावर गेलेले असताना, अंगणातून मामंजींची हाक आली. "आग!"

आम्ही धावलो. अंगणाच्या मधोमध त्यांनी एका जुन्या पत्र्यात तेलकट चिंध्या पेटवल्या होत्या आणि स्वतः बाजूला खुर्ची टाकून बसले होते. शेजारी ओलं पोतं तयार होतं.

"मी घरात नाही," ते म्हणाले.

मी जावईबापूंकडे पळाले. बटणं! नव्या लोकरीत घट्ट बसलेली बटणं. मी वरून सोडवायला लागले, सासूबाई खालून.

"अगं नाडी ओढ!"

"नाडीला गाठ बसलीय, आई!"

"गाठ कोणी मारली?"

"तुम्हीच मारलीत!"

शेवटी गवसणीसकट ओढायचं ठरलं. हट्टाला पेटलेल्या वासराला ओढतात तसं आम्ही दोघींनी त्याला ओढलं. उंबऱ्यावर ते अडलं. वन्सं मागून एका हाताने ढकलत होत्या, कुबडी घसरत होती. अंगणात पोचलो तेव्हा पिन ओढायची हे कुणालाच आठवलं नाही. मी मूठ दाबतेय, दाबतेय, आणि आत काही हलत नाही. तोवर चिंध्या जळून गेल्या. एक बारीकशी धुराची रेघ वर जात होती. तिच्यावर सासूबाईंनी फुंकर मारली.

मामंजी खुर्चीवरून उठले. "तेवढ्या वेळात माझी एक भट्टी निघाली असती," असं म्हणाले आणि आत गेले.

आम्ही तिघी एकमेकींकडे बघून हसायला लागलो. हसता हसता माझ्या लक्षात आलं की वन्सं हसत नाहीयेत. त्या आपल्या खोलीत गेल्या. थोड्या वेळाने मी डोकावले तर त्या बाहुल्या कागदात गुंडाळत होत्या. जिचं काम झालंय ती एका खोक्यात, जिचं राहिलंय ती दुसऱ्या.

"वन्सं, अजून महिना संपलेला नाही."

"बाबा चुकत नाहीयेत गं," त्या म्हणाल्या. "मला तर ते उचलताही येत नाही. माझा एकच हात मोकळा असतो."

मी स्वयंपाकघरात आले आणि भांडी आपटायला लागले. सासूबाईंनी माझ्या हातातून पातेलं काढून घेतलं.

"रागावू नकोस त्यांच्यावर," त्या म्हणाल्या. "त्यांचा उजवा हात पाहिलायस ना, कोपरापर्यंत भाजलेला? सगळ्यांना वाटतं भट्टीत हात घालून घालून झालाय. तसं नाही. बेकरीला सुरुवातीच्या वर्षांत एकदा आग लागली होती तेव्हा हे सुखरूप बाहेर आले होते. मी रस्त्यावर उभी होते, तुझ्या वन्संना कडेवर घेऊन. आणि हे वळले आणि परत आत गेले. कशाला? पाव बाहेर काढायचं लाकडी फावडं आत राहिलं होतं म्हणून. त्यांच्या वडिलांच्या हातचं होतं ते."

"मिळालं का?"

"मिळालं. अर्धं." त्या पातेलं पुसत राहिल्या. "त्या दिवशी टेबल पेटलं तेव्हा त्यांनी आग नाही पाहिली. लेक आपल्यावर गेलीय हे पाहिलं."

दुसऱ्या दिवशी मी वन्संना म्हटलं, "चला, आपण दुकानात जाऊ. निवडायचं तर ज्याला वापरायचं त्यानेच निवडावं."

सासूबाई म्हणाल्या, "मीही येते. जावयाला पोचवायला घरातलं वडील माणूस हवं."

जावईबापूंना न्यायचं कसं हा प्रश्न होता. वन्संकडे चाक दुरुस्तीला आलेली एक बाबागाडी होती. चाक नुकतंच बसवलं होतं. त्यात त्यांना आडवं निजवलं. घाईत गवसणीची टोपी काढायची राहून गेली. रस्त्यात शेजारच्या काकूंनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, किती लाल आहे!"

"बापावर गेलंय," वन्सं म्हणाल्या. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या तोंडून विनोद आला, म्हणून माझा जीव भांड्यात पडला.

दुकान एका बाईंचं होतं. दोर, बादल्या, रबरी नळ्या, आणि भिंतीवर लहान-मोठी लाल नळकांडी रांगेत टांगलेली. बाईंचा आवाज इतका खणखणीत होता की सगळे त्यांना बंबबाई म्हणत आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. त्यांनी बाबागाडीत डोकावलं.

"परत का आणलंत?"

"नांदला नाही," सासूबाई म्हणाल्या.

बंबबाई खदखदून हसल्या. "मी तेव्हाच म्हटलं होतं हो त्या साहेबांना! मी विचारलं, घरात जळण्यासारखं काय आहे? तर म्हणाले, एक टेबल जरासं जळलंय, बाकी सगळं शाबूत आहे. मी विचारलं, घरात असतं कोण? तर म्हणाले, मी नसतो. आणि मोठ्यात मोठं घेऊन गेले. यात पाणी आहे, ठाऊक आहे ना?"

"पाणी?" मी म्हटलं. "पण पाण्यानेच तर आग पसरली!"

"कशाची होती?"

"टर्पेंटाइन."

"मग पसरणारच. ते पाण्यावर तरंगतं. लाकूड, कागद, कापड असेल तर पाणी उत्तम. पण तेल, रंग, विजेची तार, तिथे पाणी नाही न्यायचं. माणसांचं नसतं का तसं? कुणी पाणी ओतलं की शांत होतं, कुणी जास्तच भडकतं. असेल की तुमच्या घरी एखादं."

"आहे ना," सासूबाई म्हणाल्या, आणि कोण ते सांगितलं नाही.

मग बंबबाईंनी वन्संकडे पाहिलं. कुबडीकडे पाहिलं, पण चुकचुकल्या नाहीत. "तुम्ही चालवणार?"

"हो."

"एका हाताने?"

"दुसरा हात रिकामा होतो," वन्सं म्हणाल्या, "पण कशाला तरी टेकून उभी राहिले तर."

बंबबाईंनी एक मध्यम आकाराचं काढून दिलं. वन्संनी उचललं, पण मनगट लगेच वाकलं. त्याहून लहान दिलं. त्याला लांब नळी होती. एक हात नळीला, एक मुठीला, आणि कुबडी खाली पडली. मी उचलून दिली. एक वायूचं होतं, ते वन्संना फार आवडलं. मागे काही उरत नाही, राखसुद्धा नाही, बाहुल्या जशाच्या तशा.

"पण हे जड आहे," बंबबाई म्हणाल्या. "आणि खोली केवढी?"

"लहान. एक खिडकी, एक दार."

"मग तो वायू तुमच्याही नाकात जाणार. नको." त्यांनी वरच्या खुंटीवरून एक छोटंसं काढलं. नळी नाही, तोंड वरच्या बाजूलाच. "यात भुकटी आहे. कापड, लाकूड, टर्पेंटाइन, वीज, सगळ्याला चालते. पण सगळीकडे पसरते. तुमच्या बाहुल्यांचं काही खरं नाही."

"डोळ्यांत जाईल?"

"डोळ्यांत, केसांत, घशात. आठवडाभर पुसत बसाल."

वन्संनी ते नळकांडं हातात तोलून पाहिलं. मग दुकानाच्या दाराकडे गेल्या. चौकटीला पाठ टेकली, कुबडी काखेत दाबली, डाव्या हाताने पिन ओढल्यासारखं केलं आणि उजव्याने नेम धरला. पुन्हा केलं. हातातून काही पडलं नाही.

"चौकटीला टेकलं की जमतं," त्या म्हणाल्या.

"तिथेच टांगा मग. दाराच्या चौकटीलगत, आतून, तुमच्या कोपराच्या उंचीला. दिव्याशेजारी नाही ठेवायचं. तिथेच पेटलं तर घेणार कसं? आणि पाठ दाराकडे. नाही विझली तर फक्त वळायचं." मग बंबबाईंनी विचारलं, "बाहुल्या कशाच्या असतात?"

"कापडी, लाकडी, मातीच्या. काही जुन्या सेल्युलॉइडच्या, प्लास्टिकसारख्या."

बंबबाईंचा चेहरा बदलला. "त्याला माझ्या भिंतीवर औषध नाही. ते पेटलं की स्वतःचा श्वास स्वतःच पुरवतं. वरून दाबलं, भुकटी टाकली, तरी जळत राहतं. त्या बाहुल्या घराबाहेर ठेवा, पत्र्याच्या पेटीत. आणि तशी एखादी पेटलीच तर झुंजायचं नाही. बाहेर पडायचं, दार लावून घ्यायचं आणि बंब बोलवायचा. हे जमेल?"

वन्संनी ते छोटं नळकांडं पुढे केलं. "हे द्या," एवढंच म्हणाल्या.

स्वयंपाकघरासाठी आम्ही जाडसर, न जळणारी एक चादर घेतली. कढईतलं तेल पेटलं तर वरून झाकायला. सासूबाई म्हणाल्या, "मी तर झाकण ठेवते आणि गॅस बंद करते." बंबबाई म्हणाल्या, "ते तर फारच छान. पण झाकण सापडलं नाही तर?" सासूबाईंनी आमच्या घरातल्या झाकणांचा विचार केला आणि चादर काखेत मारली. जावईबापू दुकानातच राहिले.

संध्याकाळी हे घरी आले. दाराशेजारी लटकलेलं ते चिमुकलं नळकांडं पाहून त्यांचा चेहरा पडला. "एवढंसं? याने उदबत्ती तरी विझेल का?"

"याला निवडायला तुमच्यापेक्षा कमी वेळ लागला," मी म्हटलं.

सेल्युलॉइडच्या बाहुल्या अंगणाच्या टोकाला पत्र्याच्या पेटीत गेल्या. त्या वन्संनी स्वतः ठेवल्या, एकेकीला कापडात गुंडाळून. टर्पेंटाइनची बाटलीही खोलीतून बाहेर गेली. हवं तेवढंच वाटीत आणायचं असं ठरलं. सासूबाईंनी नव्या नळकांड्याचं माप घ्यायला दोरा काढला, तो मी त्यांच्या हातातून घेतला. "आई, याला असंच राहू दे. उघडंबोडकं." त्या जरा हिरमुसल्या, पण ऐकलं.

महिना संपत आला. मामंजी काही बोलेनात. रोज दुपारी आमचे कान अंगणाकडे.

आणि ते आले ते थेट खोलीतच. वन्सं एका बाहुलीचे ओठ रंगवत होत्या. पोर्सेलीनची मोठी बाहुली, एका छोट्या मुलीची. ती मुलगी तापातून उठली होती आणि दुसऱ्या दिवशी बाहुली न्यायला येणार होती. मामंजींनी फरशीच्या मधोमध पत्रा ठेवला. त्यात चमचाभर टर्पेंटाइन आणि एक फडकं. ओलं पोतं दुसऱ्या हातात होतंच. टेबलापासून दारापर्यंत वन्संसाठी मोकळी वाट ठेवली. काडी ओढली.

"मी घरात नाही," ते म्हणाले.

मी दारात होते. सासूबाई माझ्या मागे. मी हात पुढे केला तर सासूबाईंनी माझी वेणीच धरली. "तिला करू दे."

वन्सं उठल्या. कुबडी टकटक करत दारापर्यंत आल्या, वळल्या, चौकटीला पाठ टेकली. नळकांडं काढलं. पिन ओढली. मग त्यांची नजर टेबलावरच्या बाहुलीवर गेली. ओठ ओले होते. भुकटी बसली की सगळा चेहरा पुन्हा खरवडावा लागणार होता.

त्यांनी मूठ दाबली.

फस्स! खोली पांढरी झाली. फळ्या दिसेनाशा झाल्या, मग हळूहळू परत दिसायला लागल्या, आणि प्रत्येक फळीवरच्या बाहुल्या म्हाताऱ्या होऊन बसल्या होत्या. पांढरे केस, पांढऱ्या भुवया, पांढऱ्या मांड्या. पत्र्यातली आग केव्हाच गेली होती.

मी टाळी वाजवणार तेवढ्यात मामंजी म्हणाले, "विझली नाही असं समज."

"म्हणजे?"

"फळीला लागलीय. नळकांडं रिकामं आहे. आता?"

वन्संनी नळकांड्याकडे पाहिलं. मग टेबलाकडे. बाहुली दोन पावलांवर होती. मी त्यांच्या मागेच असल्यामुळे मला फक्त त्यांचा खांदा दिसत होता, आणि तो खांदा पुढे झाला. सासूबाईंनी माझी वेणी आणखी घट्ट धरली.

वन्संनी नळकांडं खाली टाकलं. कुबडी नीट धरली, वळल्या आणि आमच्या अंगावरून "सरा, सरा, बाहेर व्हा" करत अंगणात आल्या. आणि जाता जाता त्यांनी मागे हात करून दार ओढून घेतलं. घट्ट. कडीसकट.

अंगणात आम्ही तिघी उभ्या राहिलो. वन्संना धाप लागली होती. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

मग सासूबाई सावकाश म्हणाल्या, "अगं, हे आत राहिले."

"अगं बाई!" वन्सं ओरडल्या. "बाबा! बाबा, तुम्ही आत काय करताय? आग लागलीय ना? बाहेर या!"

आतून मामंजींचा आवाज आला. "दार लावलंस!"

"बंबबाईंनी सांगितलंय, दार लावून निघायचं!"

मी धावत जाऊन कडी काढली. दार उघडलं आणि पांढरा ढग बाहेर आला, आणि ढगातून मामंजी. डोक्यावर, भुवयांवर, मिशांवर, भाजलेल्या हातावर, सगळीकडे पांढरं. मी त्यांना बेकरीत काम करताना कधी पाहिलंच नव्हतं. मी या घरात आले तेव्हा बेकरी बंद झालेली होती. पण वन्संनी पाहिलं होतं. त्यांचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला.

"बाबा," त्या म्हणाल्या, "तुम्ही पिठाने माखलेले असायचात तसे दिसताय."

मामंजी खोकत होते. आणि त्यांच्या छातीशी, उजव्या हातात अलगद धरलेली, ती पोर्सेलीनची बाहुली होती.

वन्संच्या ते लक्षात यायला क्षणभर लागला.

"हे काय आहे?"

मामंजींनी खाली पाहिलं. त्यांनाही जणू तेव्हाच कळलं. "ओठ ओले होते हिचे," ते म्हणाले. "म्हटलं, पडेल बिडेल."

"आग लागलेली असताना?"

"आग कुठे होती? विझवलीस की तू."

"फळीला लागली होती! तुम्हीच म्हणालात! आणि तुम्ही त्यात बाहुली उचलत बसलात?" वन्संचा आवाज चढत चाललेला. त्या घरात मामंजींना असं कोणी कधी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. "एक शब्द बोलू नका बाबा. मला शिकवायला आलात आणि स्वतः? कुणी सांगितलं होतं आणायला? बाहुली पुन्हा होते. रंग पुन्हा लावता येतो. बाप कुठून आणू मी? कुठल्या दुकानातून?"

आणि मग त्या रडायलाच लागल्या. कुबडीवर भार देऊन, तोंड फिरवून.

सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "चल गं, गॅसवर दूध आहे." गॅसवर काहीही नव्हतं. पण आम्ही आत गेलो आणि खिडकीतून पाहिलं, कारण आम्ही काही संत नव्हतो.

मामंजींनी मिशांवरची भुकटी झटकली. मग त्यांनी बाहुली खुर्चीवर ठेवली आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या काळ्या केसांवर पाच बोटांचा पांढरा ठसा उमटला.

"तू बाहेर आलीस," ते म्हणाले. "मागे न बघता आलीस."

"हो."

"मी नाही आलो."

"नाही आलात."

"मग मी नापास," मामंजी म्हणाले. "खोलीचं काय ते तू ठरव."

वन्संनी नाक ओढलं, डोळे पुसले. डोळ्यांखाली भुकटीच्या दोन रेघा उमटल्या. "खोली राहील," त्या म्हणाल्या. "पण यापुढे तुम्ही आत आलात तर बसायचं दाराशेजारी. आणि मी बाहेर या म्हटलं की यायचं. हातात काहीही न घेता."

"बरं."

"काहीही म्हणजे काहीही."

"बरं म्हटलं ना."

मग त्या खुर्चीकडे वळल्या, बाहुली उचलली आणि उजेडात धरून तिचे ओठ पाहिले. भुकटी बसून ते खडबडीत झाले होते, साखरेत बुडवल्यासारखे.

"सगळं खरवडावं लागणार," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी ती मुलगी यायच्या आत. चला, बसा इथे. तुम्ही डोकं धरा, मी पुसते. घट्ट नको, हळू. पाव धरायचात तसं."